अपंगांचा पगार आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते मूळचे लातूर जिल्ह्यातील असून महसूल खात्यातील सेवेनंतर नांदेड येथे स्थायिक आहेत.)



समितीची माणसे घरी आली आणि म्हणाली, काका, यंदा तुम्ही दोन शब्द बोला. मी म्हणालो, धम्मावर बोलणारे माझ्यापेक्षा अभ्यासू उपासक आपल्याकडे आहेत. मी एकतीस वर्षे फायलीत राहिलेला माणूस. १९८८ ला कारकून म्हणून लागलो, २०१९ ला अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मला कागदांवरच बोलू द्या. त्यांनी परवानगी दिली, म्हणून उभा आहे. बोलण्यात व्याकरण शोधू नका.

आपल्या वस्तीत 'पगार' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक नोकरदाराचा पगार. दुसरा निराधारचा पगार. "आमच्या मायचा पगार आला का हो?" असे बँकेच्या दारात विचारणारी लेकरे तुम्ही पाहिली असतील. हा दुसरा पगार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती २ ऑक्टोबर १९८० रोजी महाराष्ट्रात सुरू झाली, तेव्हा अंतुले साहेब मुख्यमंत्री होते. अनेक वर्षे महिन्याला ६०० रुपये मिळायचे. २०१९ ला त्याचे १,००० झाले, २०२३ ला १,५०० झाले आणि ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी ती रक्कम २,५०० रुपये झाली. आपल्या पलीकडे, देगलूर-बिलोली-धर्माबादची हद्द ओलांडली की तेलंगणात अपंगांना २०२३ पासून ४,०१६ रुपये ठरले. सीमेवरच्या गावातली आपली माणसे हा हिशेब तोंडपाठ सांगतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही. पण आज मला रकमेवर भांडायचे नाही. जी रक्कम ठरली आहे ती तरी आपल्या माणसाच्या हातात पडते का, एवढेच बोलायचे आहे.

आता सरकारी कागदावर 'दिव्यांग' लिहितात. मी जुना माणूस, माझ्या तोंडात 'अपंग' येते. कुणाला लागले तर क्षमा करा. माझी थोरली बहीण म्हणते, "नाव काहीबी ठिवा, पायऱ्या तेवढ्याच राहत्यात." आक्का आज इथे आली आहे. तिला विचारूनच तिची गोष्ट सांगतो.

आमचे गाव अहमदपूर तालुक्यातले. आक्का दीड-दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि उजवा पाय गेला. पोलिओ. त्या काळात डोस गावापर्यंत आलेला नव्हता. आपला देश २०१४ ला पोलिओमुक्त जाहीर झाला, ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्या आधी ज्यांचे पाय गेले त्यातले बरेच जण आज चाळीस, पन्नास, साठीत आहेत आणि आपल्या घराघरात आहेत. आक्काचे लग्न झाले नाही. ती वाकळा शिवायची. एका वाकळेला आठ-आठ दिवस. बाप मजुरी करायचा. त्याने तिला खांद्यावर घेऊन तीन वेळा तालुक्याला नेले. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा डॉक्टर रजेवर, तिसऱ्या वेळी म्हणाले रहिवासी दाखला नाही. चौथ्यांदा बाप गेलाच नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाली होती.

तोपर्यंत मी नोकरीला लागलो होतो. महसूल खात्यात. म्हणजे ज्या टेबलावर हा अर्ज येतो, त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसलो होतो. आणि मी माझ्या सख्ख्या बहिणीचा अर्ज केला नाही. का? लाज. कारकुनाची बहीण निराधार कशी, असे ऑफिसातले म्हणतील. मी घरी पैसे पाठवत होतो, त्यामुळे मनाला समजावत होतो की तिला गरज काय. पुढे २००४ साली गावातल्या शाळेच्या एका गुरुजींनी तिचा अर्ज भरला, तिला स्वतःच्या स्कूटरवर बसवून नेले आणि पगार चालू केला. मला कळाले ते सहा महिन्यांनी. आक्का म्हणाली, "तुज्या पैशाचं मीठ आळणी नव्हतं बाबा, पर हे माझं हाय." हे मी भर सभेत सांगतो आहे, कारण अशा घरी अजूनही अर्ज होत नाहीत. लेक पोलिसात आहे, पुतण्या शिक्षक आहे, मग कशाला अर्ज करायचा! मिळकतीच्या नियमात बसत नसेल तर गोष्ट वेगळी. अपंगांसाठी कुटुंबाची उत्पन्न मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. पण नियमात बसत असताना केवळ लाजेपोटी अर्ज न करणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

आणि हे कुणाचे उपकार नाहीत. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने तयार केलेल्या घटनेत कलम ४१ आहे. बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता यांत राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे सार्वजनिक साहाय्याची तजवीज करावी, असे ते मार्गदर्शक तत्त्व आहे. कोर्टात जाऊन थेट मागता येईल असा तो हक्क नाही, पण योजना आल्या त्या याच वाटेने. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला, त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. आता त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यात भाजलेले, पार्किन्सन, स्वमग्न मुले, बुटकेपणा हेही आले. कितीतरी घरांना अजून माहीत नाही की आपले लेकरू या यादीत बसते. आपल्याकडे कुणी अजूनही म्हणत असेल की हे मागच्या जन्माचे भोग आहेत, तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात असले बोलणे शोभत नाही. लेकराला दवाखान्यात न्या, तपासणी करा, टक्केवारी काढा.

आता टेबलाच्या पलीकडची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला बरे वाटत नाही. आमच्याकडे अर्ज आला की आम्ही 'त्रुटी' काढायचो. उत्पन्नाचा दाखला जुना आहे, परत. माणूस महिन्याने नवा दाखला घेऊन यायचा. मग रेशनकार्डावरचे नाव जुळत नाही, परत. मग वयाचा पुरावा नाही. एकाच वेळी चारही त्रुटी सांगायला काय हरकत होती? काही हरकत नव्हती. पद्धतच तशी पडली होती आणि मीही त्याच पद्धतीने शेरे मारले. हातात कुबडी घेऊन दीडशे मैल चालल्यागत दमलेला माणूस समोर उभा असायचा आणि मी मान वर न करता म्हणायचो, "त्रुटी पूर्ण करून आणा." त्या काळात किती माणसे चौथ्यांदा आली नसतील याचा हिशेब माझ्याजवळ नाही.

पण कागद नसेल तर काम होत नाही, हे खरे नाही. ते मी किल्लारीत पाहिले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. औसा तालुक्यातले किल्लारी आणि त्या पट्ट्यातली गावेच्या गावे, पलीकडे उमरगा-लोहाऱ्याकडची गावे, दगड-मातीच्या माळवदांखाली गेली. काही दिवसांनी आमची तिकडे ड्युटी लागली. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, बाहेर माणसांची रांग. कुणाजवळ सात-बारा नाही, रेशनकार्ड नाही, काहीच नाही. घरच नाही तर कागद कुठला? पाय चिरडलेली, पाठीचा कणा मोडलेली माणसे खाटेवर आणलेली. तिथे आम्ही पंच बसवले, शेजाऱ्याचे जबाब घेतले, पंचनामे केले आणि कामे पुढे नेली. कुणी म्हणाले नाही की पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा आणा. तेव्हा साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाटत होते की हे काम झाले पाहिजे. सहा महिन्यांनी मी माझ्या नेहमीच्या टेबलावर परत आलो आणि पुन्हा त्रुटी काढायला लागलो. याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

असो. निवृत्तीनंतर, २०२१ पासून, आपल्या या विहाराच्या ओट्यावर मी आणि दोन मुले रविवारी टेबल मांडून बसतो. तिथे जे शिकलो ते सांगतो. ऐकताना कंटाळा येईल, पण हेच कामाचे आहे.

सगळ्यात आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र. पूर्वी हाताने लिहिलेले, फोटोवर गोल शिक्का मारलेले मिळायचे. आता ते चालत नाही. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, दवाखाना निवडायचा, तपासणीला जायचे, मग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड निघते. ऑक्टोबर २०२४ च्या नियमाप्रमाणे कार्डाचे रंग आहेत. चाळीस टक्क्यांच्या आत पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळे, ऐंशीच्या वर निळे. बहुतेक योजनांना किमान चाळीस टक्के लागतात. म्हणून तपासणीचा दिवस महत्त्वाचा आहे आणि इथेच आपली माणसे चुकतात.

धुणीभांडी करणाऱ्या एका मायचा बावीस वर्षांचा मुलगा आहे. बुद्धी लहान लेकराएवढी. ती त्याला घेऊन तपासणीला गेली. डॉक्टरांनी विचारले, काय काय करतो? माय म्हणाली, "समदं करतंय माझं लेकरू. शहाणं हाय. दुकानातून साखर आणतंय." आता मायने लेकराला चारचौघांत येडे कसे म्हणावे? पण साखर आणतो तो दुकानदार ओळखीचा म्हणून, आणि माय दारातून बघत असते म्हणून. सुटे पैसे मोजता येत नाहीत, एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही, रात्री फिट आली तर सांगता येत नाही, हे तिने सांगितलेच नाही. टक्के कमी आले. दुसऱ्यांदा आमच्यातली एक मुलगी सोबत गेली. आदल्या रात्री मायजवळ बसून तिने वहीत लिहून काढले की दिवसभरात कुठे कुठे मदत लागते. खोटे एक अक्षर नाही. तेच तिने डॉक्टरांना वाचून दाखवले. यावेळी योग्य टक्के आले.

खोटे सांगू नका, हेही तितकेच ठासून सांगतो. बोगस प्रमाणपत्रे काढून नोकऱ्या लाटणाऱ्यांमुळे आता सगळीकडे फेरतपासण्या चालल्या आहेत आणि त्याचा त्रास खऱ्या अपंगाला होतो. आपल्या वस्तीतल्या कुणी तसे केले असेल तर माझ्या टेबलावर येऊ नये. टक्के कमी पडले आणि खरोखरच अन्याय वाटला, तर निर्णयाविरुद्ध अपील करायची सोय २०१६ च्या कायद्यात आहे. रडत घरी बसायचे कारण नाही.

किनवट-माहूरकडचे पाहुणे कधी कधी आपल्याकडे मुक्कामाला येतात, कारण तपासणीसाठी शंभर किलोमीटरच्या पुढून यावे लागते. कानाच्या तपासणीला 'बेरा' नावाचे मशीन लागते, ते सगळीकडे नसते. बुद्धीची चाचणी घेणारे मानसतज्ज्ञ रोज नसतात. म्हणून निघण्याआधी कोणत्या वारी कोणती तपासणी असते ते फोनवर विचारून घ्या. एवढ्या एका फोनने एक खेप वाचते. एक खेप म्हणजे एक मजुरी, आणि सोबत जाणाऱ्याची दुसरी मजुरी. प्रमाणपत्र हातात आले की एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत मिळते, पण प्रमाणपत्र काढायला जाताना पूर्ण तिकीट! आमची आक्का यावर फार हसते.

दुसरे प्रकरण नावांचे आणि तारखांचे. आपल्या वस्तीत निम्मी माणसे १ जानेवारीला जन्मलेली आहेत. भीमा कोरेगावमुळे ही तारीख आपल्याला प्रिय आहे हे मान्य, पण सगळेच त्या दिवशी कसे जन्मतील? आधारवाल्याने वय विचारले, अंदाजे साल घेतले आणि १ जानेवारी टाकून दिली. शाळेच्या दाखल्यावर मात्र हेडमास्तरांनी टाकलेली जूनची तारीख. बायकांचे तर विचारू नका. आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, पासबुकात तिसरेच. कांबळे, वाघमारे, गायकवाड ही आपली साधी नावे इंग्रजीत लिहिताना कुणी एखादे अक्षर जास्त घालतो आणि मशीन म्हणते ही दुसरी व्यक्ती आहे. म्हणून पहिले काम हे करा. घरी सगळे कागद एका चादरीवर मांडा आणि नाव व तारीख सगळीकडे एक आहे का ते बघा. दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. उलटे केले की वर्ष जाते.

निराधारच्या अर्जाला काय लागते ते माहीत असू द्या. प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक. आपले लोक निजामाबाद-हैदराबादला वर्षानुवर्षे कामाला जातात. तिकडे आधारचा पत्ता बदलून घेतात आणि इथे रहिवास सिद्ध करताना अडकतात. रेशनकार्ड तीन भावांचे एकत्र असेल तर चौकशीत भावाची कमाईही पुढे येते. खरोखर वेगळी चूल असेल तर कार्ड आधी वेगळे करून घ्या. अर्ज तालुका समितीसमोर जातो. ज्या अपंग भगिनीने 'लाडकी बहीण' घेतली आहे तिने एकदा येऊन भेटावे. दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा त्याहून जास्त मिळत असेल तर लाडकी बहीण मिळत नाही असा नियम आहे. अपंग बाईला निराधारचे २,५०० बसत असतील तर कोणता अर्ज करायचा हे मी वेगळे सांगायला नको.

अर्ज दिला की पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. मी एकतीस वर्षे आवक-जावक पाहिली आहे. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही. तोंडी "होत नाही" म्हणाले तर म्हणा, साहेब, तेवढे लिहून द्या. आवाज चढवायचा नाही. फक्त लिहून मागायचे. नुसत्या या वाक्याने काही वेळा काम पुढे सरकते, हे मी त्या बाजूने पाहिले आहे. तरी उत्तर नाही आले तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. "माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्या," एवढेच लिहा. त्याच्यापुढे लढायची वेळ आली तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, जिल्हा न्यायालयातच ऑफिस असते. अनुसूचित जातीच्या माणसाला, बाईला, अपंगाला तिथे फुकट वकील मिळतो. म्हणजे आपल्यातली बरीच माणसे दोन-दोन, तीन-तीन कारणांनी पात्र आहेत.

दलालांचे मी जास्त बोलत नाही. "फाईल चालवायला दोन हजार" म्हणणारा माणूस प्रत्येक ऑफिसच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेला असतो. काही वेळा तो आपल्याच वस्तीतला असतो, जय भीम घालतो. अर्जाला पैसे लागत नाहीत. सेवा केंद्रात जी ठरलेली फी असते तिची पावती मिळते. पावती नसेल तर पैसे देऊ नका.

मंजुरी आली तरी संपले नाही. २०२४ च्या अखेरीपासून हा पगार थेट आधारशी जोडलेल्या खात्यात यायला लागला. यात मधले हात कमी झाले, हे चांगलेच झाले. पण आधार ज्या खात्याला शेवटी जोडले गेले त्या खात्यात पैसे जातात. मागे कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी, नाहीतर कुणीतरी गल्लीत येऊन अंगठा घेऊन उघडलेल्या खात्यात. आमच्या आक्काचा पगार २०२५ मध्ये चार महिने बंद होता. ती तालुक्याला विचारत होती, ते म्हणत होते पाठवले. बँक म्हणत होती आले नाहीत. दोघेही खरे बोलत होते! पैसे तिसऱ्याच खात्यात पडत होते, आणि ते खाते तिचेच होते, तिला माहीत नव्हते. या वेळी मात्र तिचा हा भाऊ धावला. वीस वर्षे उशीर झाला, पण धावला.

कुष्ठमुक्त झालेले आपले एक आजोबा आहेत. बोटेच झिजलेली, अंगठा मशीनवर उठत नाही. दोन ठिकाणी त्यांना सांगितले, अंगठा उठत नाही तर काही होणार नाही. वास्तविक डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ओळख पटवायची सोय आहे, आणि बोटे किंवा डोळे नसलेल्यांचेही आधार निघते. मशीन चालवणाऱ्या पोराला ते माहीत नव्हते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर आजोबांची डोळ्यांची ओळख परत नोंदवावी लागली. हे काम तीन खेपांत झाले. माझ्या टेबलावर बसणाऱ्या मुलाने त्यांना मोटारसायकलवर नेले. त्याचे पेट्रोल कुणी दिले ते विचारू नका.

त्या धुणीभांडीवाल्या मायच्या मुलाचे पुढे काय झाले ते राहिले. प्रमाणपत्र निघाले, पण तो अठराच्या वर आणि स्वतः सही करू शकत नाही, त्यामुळे बँकेत खाते अडले. मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग व्यक्तींसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व मिळते. मायने मला विचारले, "म्या त्याची माय हाय की. अजून पालक कशाला व्हायचं?" तिचे म्हणणे बिनतोड होते. पण अठरा वर्षे झाली की कायदा आईलाही कागद मागतो. तो अर्ज आम्ही केला आहे, अजून निकाल नाही. मायला जी काळजी आहे ती पैशाची नाही. ती म्हणते, "मी हाय तवर ठीक हाय." तिच्यानंतर त्याचे नाव कुणाच्या कागदावर असेल, याचे उत्तर आमच्या टेबलावर नाही. ते वस्तीने बसून शोधावे लागेल.

तरुणांना माझी विनंती आहे. तुमच्यातले बरेच जण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता, विहाराच्या अभ्यासिकेत बसता. कलम ४१ तुम्हाला पाठ आहे. रविवारचे दोन तास या टेबलावर द्या. पोर्टल उघडणे तुम्हाला मोबाईलवर जमते, मला चष्मा लावूनही जमत नाही. मला शेरे वाचता येतात, तुम्हाला ते येत नाहीत. जोडी चांगली जमेल. महानगरपालिका असो, ग्रामपंचायत असो, त्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. दरवर्षी ते कुठे खर्च झाले हे विचारणारा एक अर्ज तुमच्यातल्या एकाने करावा. ते मी शिकवतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो समितीच्या माणसांना उद्देशून आहे. आज आक्काला वर आणताना दोन पोरांनी खुर्चीसकट उचलले. तुम्ही सगळ्यांनी पाहिले. तिला ते आवडत नाही, पण ती बोलली नाही. आपल्या वस्तीत आणखी दोघे आहेत जे पंचशीलाचा ध्वज लांबून बघतात आणि वर येत नाहीत, कारण आपल्या विहाराला पाच पायऱ्या आहेत आणि उतार नाही. काल संध्याकाळी मी टेप घेऊन मोजून पाहिले. पाच पायऱ्यांची उंची अडीच फूट. एका फुटाला बारा फूट हे माप धरले तर तीस फुटांचा उतार लागतो. डाव्या बाजूला सरळ जागा अठरा फूट आहे, म्हणजे भिंतीजवळ एक वळण घ्यावे लागेल आणि वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा सोडावी लागेल. नळाची तोटी तिथून हलवावी लागेल. गवंडीकाम करणारे आपलेच चार भाऊ समोर बसलेले आहेत, त्यांनी खर्च किती येतो ते आज जेवणाच्या वेळी मला सांगावे.

येत्या रविवारी वंदनेनंतर साडेनऊला टेबल आहे. उतार होईपर्यंत टेबल ओट्यावर नाही, खाली पायऱ्यांजवळ, लिंबाच्या सावलीत मांडतो. येताना झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. जय भीम.